नातीची अंघोळ

उस्मानपुऱ्यातली निम्मी पोरं मालनबाईच्या हातून न्हाऊन मोठी झाली म्हटलं, तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. बाळंतीण घरी आली की मालनबाईला सांगावा जायचा. मोठ्या माणसांशी तिचं पटायला वेळ लागे, तान्ह्यांशी लगेच पटे.

मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. ती झोपेतून उठून हात झटकत बसायची. कुणाला बोलली नाही. मेल्या हातात लेकरू कोण देईल? पाणी डाव्या कोपरानं बघायचं, तेल डाव्या हातानं लावायचं, असं तिनं बरेच दिवस दडपून नेलं. दुखणं अंगावर काढणं हा आपल्या बायकांचा जुना शहाणपणा, आणि त्याच्यासारखा मूर्खपणा दुसरा नाही.

दवाखान्यात गेली ती लेकीसाठी. विशाखाला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेलीय, मोकळी करावी लागेल, उशीर मात्र झालाय. "करून टाका. नातवंड मलाच न्हाऊ घालायचंय," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. टाके सुकले. बधिरपणा ओसरला आणि त्याच्या जागी आग आली. पदर घासला तरी हातातून करंट जायचा. डॉक्टर म्हणाले, "नस चिडलीय. गोळ्या घ्या. बहुतेकांचं शमतं, एखाद्याचं राहतंही." घरी येऊन तिनं सांगितलं, "शमतं म्हणले." पुढचं गिळलं.

मुलगी झाली. घरातल्या पहिल्या अंघोळीला मालनबाई पाय पसरून बसली. हात बरा झाला हे लेकीला दिसावं म्हणून तिनं मुद्दाम उजवाच हात पाण्यात घातला. चटका बसला. तिनं गार ओतलं. तरी चटकाच. आणखी ओतलं.

विशाखानं बादलीत बोटं बुडवली. "आई, हे तर गारढोण झालंय."

"व्हय का? हवाच गार हाय."

विशाखानं कढत पाणी मिसळलं. मालनबाईनं पोर पायांवर घेतली, छातीला तेल लावलं, दात आवळून दंड चोळला. तेवढ्यात पोरीनं तिचं बोट मुठीत धरलं. सगळीच तान्ही धरतात. मालनबाईच्या खांद्यापर्यंत वीज गेली, हात झटकन मागं आला, आणि पोर पायांवरून घसरली.

विशाखानं वरच्या वर झेलली. लागलं काही नाही. पोर मात्र टाहो फोडून रडली.

"घसरली जरा. तेल लई झालं," मालनबाई म्हणाली.

"दाखव हात." विशाखा तिच्या तोंडाकडं बघत होती. "अजून दुखतोय ना?"

"नाय."

दुसऱ्या दिवसापासून पोरीला न्हाऊ घालायला शेजारची कडूबाई यायला लागली.

दुपारी मालनबाईनं हळूच विचारलं, "जरा मांडीवर दे की." विशाखानं आईच्या डाव्या अंगाला उशी रचली, पोर तिच्यावर ठेवली आणि स्वतः जवळच बसून राहिली. "उजवा हात लांब ठेव, आई," ती मायेनंच म्हणाली.

मालनबाईनं हात पाठीमागं नेला. तिथंही तो जळतच होता.