चार बोटं पानथरी

ठमीने राखेने हात धुतला, लुगड्याला पुसला आणि मुकादमाच्या पोटावर ठेवला.

"गुडघे उभे करा. मोठा श्वास घ्या," डॉक्टर खासनीस म्हणाले.

मुकादम मालोजी बाजेवर उताणा पडला होता. ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर अख्ख्या रानाला थरथर कापायला लावणारा हा गडी, पण गेले पंधरा दिवस हिवताप त्यालाच कापवत होता. तापावरचं कोयनेल हवं तर आधी पोट दाखवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पळसदरीच्या वरच्या या ठाकूरवाडीत डॉक्टर मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून येत. हिवतापाने कुणाची पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, किती वाढली ते मोजून वहीत उतरवत. वाडीच्या बाया परक्या पुरुषाला पोटाला हात लावू देईनात, म्हणून त्यांनी ठमीला शिकवलं. डाव्या बरगडीखाली बोटं रुतवायची, श्वासाबरोबर टणक काही खाली आलं की ते किती बोटं आलं ते सांगायचं. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की डॉक्टर आता गड्यांनाही तिच्याच हाताखाली घालत आणि सोबतच्या विद्यार्थ्यांना म्हणत, "शिका हिच्याकडून."

याच हाताने तिने आपल्या नवऱ्याची, जैतूची पानथरी मोजली होती. पाच बोटं. तेव्हा डॉक्टरांनी मालोजीला तिच्यासमोर बजावलं होतं, "याला मारू नका हो. पोटावर साधा धक्का बसला तरी आत फुटेल." मालोजीने मान डोलावली होती. आठच दिवसांत जैतूच्या राखणीतल्या भट्टीवरची माती खचली, वारा आत शिरला आणि अर्ध्या कोळशाची राख झाली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मुंबईच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत होत्या, तेव्हा कोळशापुढे माणसाची काय मातब्बरी! मालोजीने जैतूला पाडून बरगडीखाली लाथ घातली. जैतू उठला, दहा पावलं चालला, खाली बसला आणि पाणी मागितलं. तांब्या येईपर्यंत संपला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठमीला तर शिपायाने ती चढूच दिली नाही. कर्जतच्या कचेरीच्या खिडकीखाली उभं राहून तिने डॉक्टरांची साक्ष ऐकली.

"पानथरी एवढी वाढली की हलका धक्काही पुरतो. मारणाऱ्याला हे ठाऊक असणं शक्य नाही."

भट्ट्या ठेकेदाराच्या, भट्टीवरची माणसंही त्याचीच. त्याने तोंड फिरवलं असतं तर कॉलेजची वही कोरी राहिली असती. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ठमीला त्याचा धड राग तरी आला असता. मालोजीला कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली आणि दिवस मावळायच्या आत तो विडी ओढत बाहेर आला. तरीही ठमी मोजत राहिली, कारण वाडीच्या पोरांना कोयनेल मिळत होतं ते या मोजणीमुळेच.

आता तिची बोटं मालोजीच्या पोटात रुतली. त्याने श्वास घेतला. टणक कड सरकत आली आणि तिच्या बोटांना टेकली. तिने हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

"चार बोटं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं. "मुकादम, जपून राहा. कुणाशी मारामारी नको."

"मला कोन मारतंय, दाक्तर? ही ठाकरं?" मालोजी हसत उठला आणि धोतर सावरू लागला.

"लिवलं का, दाक्तर?" ठमीने विचारलं. एरवी ती कधी विचारत नसे.

"लिहिलं की. का गं?"

"आसंच."

तिसऱ्या दिवशी भरदुपारी भट्टी पुन्हा फुटली. राखणीला ठमीचा दीर चांगो होता. मालोजीने खैराचं दांडकं उचललं आणि पहिला घाव त्याच्या कानावर घातला. दुसऱ्या घावाला चांगोचा हात मोडला, तो मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चांगोची बायको गोदा किंचाळत धावली, तर तिला झिंज्या धरून मालोजीने गरम मातीवर फेकलं. कानातून रक्त वाहत चांगो उताणा पडला आणि मालोजीने पाय उचलला.

चांगोची पानथरी तीन बोटं होती. ठमीला वाडीतल्या प्रत्येकाची पाठ होती.

तिने डोक्यावरची मातीची पाटी टाकली आणि मध्ये शिरली. कोपर मागे घेतलं आणि मालोजीच्या डाव्या बरगडीखाली घातलं. फार जोर लावला नाही. लावायची गरज नव्हती.

मालोजी चिडला. त्याने एका बुक्कीत तिचा दात पाडला आणि शिव्या देत वळला. दहा पावलं गेला. मग त्याचा चेहरा मातीसारखा झाला आणि तो मटकन खाली बसला.

"पानी," तो म्हणाला.

पाणी ठमीनेच आणलं. धावत नाही, चालत.

कर्जतहून फौजदार आला, तोवर डॉक्टरांनाही वाडीतून बोलावून आणलं होतं.

"कुणी मारलं?"

"मी," ठमी म्हणाली आणि कोपर पुढे केलं.

फौजदाराने ते काटकुळं कोपर पाहिलं, मग पडलेला गडी पाहिला. "डॉक्टर, एवढ्याने माणूस मरतो?"

ठमीने तोंडातलं रक्त थुंकलं.

"वहीत बगा, दाक्तर. चार बोटं. तुमीच लिवलंय."

डॉक्टरांनी वही उघडली.

"पानथरी एवढी वाढली की," ते म्हणाले आणि थांबले. "हलका धक्काही पुरतो."

"आणि हिला ते ठाऊक होतं?"

भट्टीआडून चांगोचं कण्हणं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी ठमीच्या उजव्या हाताकडे पाहिलं, त्यांनीच शिकवलेल्या बोटांकडे. मग वही मिटली.

"मारणाऱ्याला," त्यांनी सुरुवात केली आणि ठमीचे सुजलेले ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले, आवाज न करता, एकेक शब्द, "हे ठाऊक असणं शक्य नाही."