भिकीमावशीच्या वाटणीची गोळी

आमच्या चिंचणी गावात मासळी एकट्याने खाल्ली तर पचत नाही, असं माझी आई म्हणते. घरात ताजे बोंबील आले की शेजारी वाटी जायलाच हवी. या सवयीचा मला फार अभिमान होता. २०१७ च्या सप्टेंबरात मात्र त्याच सवयीने माझं डोकं फिरवलं.

मी मुंबईत एका अभ्यासगटात नोकरी करत होते. विम्याचे लाखो दावे, माणसांची नावं काढून टाकलेले, आमच्याकडे यायचे. उदासीच्या आजारावर कोणत्या गोळीने जास्त लोकांना गुण येतो, हे आम्ही त्यातून शोधायचो. ज्याने दर महिन्याला गोळ्या विकत घेतल्या, त्याने त्या खाल्ल्या असं धरायचं. तरीही तो इस्पितळात भरती झाला तर गोळी निकामी. नियम सोपा होता आणि मला तो भलताच आवडायचा.

घरी माझेच बाबा या आजाराने बसले होते. तारापूरच्या कारखान्यात एकही पाळी न चुकवणारा माणूस उन्हाळ्यापासून ओटीवरसुद्धा येत नव्हता. कारखान्याच्या विम्यातून गोळ्या वेळेवर यायच्या, गुण काही येत नव्हता. आता फरक पडला नाही तर भरती करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भरती हा शब्द ऐकला की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. मला त्यांची फार काळजी वाटत होती.

एका शनिवारी घरी आले, आई मासळी साफ करत होती. मी वैतागून म्हटलं, "ती गोळीच कुचकामी आहे. इतके महिने खाऊन काय उजेड पडला?"

आईचा हात विळीवर थांबला. "अख्खी कुठे खातात ते? अर्धी भिकीला देते मी."

भिकीमावशी आमची शेजारीण. नवरा गेल्यापासून तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतलीच नव्हती.

"तिची पण तीच गत," आई म्हणाली. "झोप नाय, जेवण नाय. आपल्या घरात औषध असताना शेजारीण रडत बसते, ते बघत बसू? केली अर्धी-अर्धी."

मी कपाळावर हात मारला. "अगं, ती काय सुरमईची तुकडी आहे वाटून खायला? डॉक्टरांनी अख्खी सांगितली ना! अर्धीने ना बाबांना गुण, ना तिला!"

"तिला ओरडू नको, नयन." बाबा दारात उभे होते. "मला माहीत होतं. मी कुणाच्या कामाचा उरलो नव्हतो. वाटलं, माझ्या अर्ध्या गोळीने भिकीला तरी झोप लागेल."

मला रडू आवरलं नाही. इतकं बोलायला त्यांना किती जोर लावावा लागला, ते दिसत होतं.

सोमवारी भिकीमावशीला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. रजेसाठी मी साहेबांना फोन केला आणि कारणही सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आईंना माझा नमस्कार सांगा. विकत घेतली म्हणजे खाल्ली, हे आता तपासूनच लिहू."

पण सोमवारी निघताना मावशी उंबऱ्यावरच बसली. "मी नाय येणार. लोक येडी बोलतील." आईने समजावलं. मी माझे लाखो दावे पुढे केले. ती ढिम्म हलेना.

तेव्हा बाबांनी खुंटीवरचा शर्ट काढला. "चल भिके, मी पण येतो. काय बोलायचं ते दोघांना मिळून बोलू दे."

पुढे दोघांनाही गुण आला. होळीपर्यंत बाबा पाळीवर जाऊ लागले आणि मावशीची मासळीची आरोळी गल्लीत ऐकू येऊ लागली. त्या डॉक्टरांची आणि त्या गोळीची मी जन्मभर ऋणी आहे. पण सगळ्यात जास्त आभार मी त्या सोमवारचे मानते.

त्या दिवशी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले.

"आम्ही दोघं," ते म्हणाले. "एक गोळी वाटून खात होतो. आता वेगवेगळी लिहून द्या."