अर्पणाआधीची साक्ष

“‘बॅग भरून दारात उभी राहिले,’ एवढं म्हणायचं आणि थांबायचं,” मी तिला म्हणाले. “मनातल्या मनात तीन आकडे मोज. लोकांना वाटलं पाहिजे, आता ही गेली. मगच पुढचं वाक्य.”

“पण मावशी, मी दारात नव्हते उभी. पलंगावर बसून रडत होते.”

“पलंगावर बसलेली बाई शेवटच्या रांगेतून दिसत नाही.”

ती हसली. हसली की तिच्या गालाला खळी पडायची, तीही माझ्या डोळ्यांत सलायची. बेकरीच्या काउंटरवर उभी राहणारी, बत्तीस वर्षांची बाई. तिला पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाठवलं होतं, साक्ष कशी द्यायची ते शिकायला. माझीच जागा तिला द्यायची आणि ती झाडूनपुसूनही मीच द्यायची, असा तो प्रकार होता.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत एक साक्ष असते. प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. क्रम ठरलेला. आधी गीत, मग साक्ष, मग लगेच अर्पणाच्या थैल्या फिरतात. उपदेश त्यानंतर. उपदेश ऐकून झाला की लोकांना घरचं जेवण आठवतं आणि हात खिशात जात नाही, हे पाळकसाहेबांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळलेलं आहे.

अकरा वर्षं ती जागा माझी होती. मी कपडे शिवते. अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझा उजवा हात गेला. कात्री उचलता येईना. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि हात परत आला. ही साक्ष. शेवटी मी पर्समधून सुई काढायचे, ती वर धरायचे आणि सगळ्यांदेखत त्याच हाताने दोरा ओवायचे. सभागृहात टाळ्या पडायच्या आणि टाळ्या विरायच्या आत थैल्या निघायच्या. आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांमध्येही मला घेऊन जायचे. पहिल्या रांगेत माझी खुर्ची असायची. प्रवासखर्चाचं पाकीट तर आमच्या स्वतःच्या सभागृहातही मिळायचं, मी दोन गल्ल्या सोडून राहत असले तरी. लोक मला ‘हातवाल्या बाई’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

मग एका गुरुवारी पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. त्यांचा स्वतःचा बूट दोनदा शिवलेला आहे, आणि मुलांचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो म्हणून त्यांचा जीव खरोखर तुटतो. पुढच्या महिन्यात बाहेरून पाहुणे येणार होते, इमारतीसाठी मोठं दान देऊ शकतील असे. पाळकसाहेब टेबलावरचे कागद सरळ करत म्हणाले, “बाई, तुमची साक्ष आता मंडळीला पाठ झालीय. मागच्या वर्षीपासून थैल्या हलक्या येतायत. काहीतरी ताजं हवं.”

मी मान डोलावली. सकाळच्या पावासारखी मी ताजी नव्हते, एवढाच माझा गुन्हा.

ताजी होती ती बेकरीवाली. तिच्या नवऱ्याने पाच महिन्यांपूर्वी प्रार्थनासभेत रडत दारू सोडली होती. नवरा, दारू, अश्रू, सगळं जागच्या जागी. आवाज गोड, आणि रडू तिला आपोआप यायचं. मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती. पाळकीणबाईंनी पाहुण्यांसमोर घालायला तिला स्वतःचा निळा कोट दिला. अकरा वर्षांत मला कुणी रुमाल दिला नव्हता. कोट तिच्या खांद्याला सैल होता म्हणून तो आत घ्यायलाही माझ्याकडेच आला. माझ्या पोटात दुखत होतं, दुसरा शब्द नाही. मी तो आत घेतला आणि टाके मात्र चांगले घातले, कामाशी माझं वैर नाही.

कोट घालून बघताना ती आरशाकडे न बघता खाली बघत बोलली. मंगळवारी नवरा पुन्हा पिऊन आला होता. फार नाही, पण प्यायला होता. दुसऱ्या दिवशी तोंड लपवून बसला. पाळकसाहेबांना तिने सांगितलं नव्हतं.

“हे सांगू का मावशी साक्षीत? की नको?”

या कामात मुरलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. गिळून टाक. मीही गिळलंच होतं. माझा हात प्रार्थनेने परत आला हे मी मानते, आजही मानते. पण प्रार्थनेनंतर सात महिने मी रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जात होते. तिथली व्यायाम शिकवणारी एक मुलगी माझ्या मुठीत ओला स्पंज द्यायची आणि तो पिळवून घ्यायची. मी रडायचे, तिला वाटेल ते बोलायचे, तरी ती सोडायची नाही. पहिल्या साक्षीत मी तिच्याबद्दल बोलले होते. पाळकसाहेब नंतर म्हणाले, साक्ष लांबते. तेव्हापासून ते सात महिने मी गाळले.

म्हणजे काय सांगायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी तिच्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, “सांग. प्रभूच्या घरात हातचं राखून बोलू नये.”

सल्ला सोळा आणे खरा होता. दिला मात्र ती तोंडावर पडावी म्हणून.

रविवारी पाहुणे पहिल्या रांगेत बसले, त्यातला एक माझ्या खुर्चीवर. मी चौथ्या रांगेत. बेकरीवाली माइकसमोर गेली आणि शिकवलेल्या एकाही जागी थांबली नाही. सगळं भराभरा सांगून टाकलं. पलंगावर बसून रडले, असंच म्हणाली. मग म्हणाली, “मंगळवारी तो परत प्यायला. काल नाही प्यायला. उद्याचं मला माहीत नाही. तुम्ही प्रार्थना करा.” आणि खाली उतरली.

आमेन म्हणायची वेळ झाली होती, पण कुणी म्हणेना. पाहुण्यांना भाषांतर करून सांगणारा माणूस मध्येच गप्प झाला. पाळकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पाळकसाहेबांची नजर रांगांवरून फिरत चौथ्या रांगेपर्यंत आली तेव्हा मी अर्धी उठलेलीच होते. सुई पर्समध्ये होती. घरून निघताना मी ती आठवणीने घेतली होती.

चार मिनिटांत सगळं केलं. ‘डॉक्टरांनी हात टेकले,’ तीन आकडे मोजले. ‘प्रार्थना झाली,’ पुन्हा तीन आकडे मोजले. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला. टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी माझ्या हाताचे फोटो काढले आणि थैल्या निघाल्या. पाळकसाहेबांनी जाताना माझा खांदा दाबला. माझी जागा मला परत मिळाली होती.

उपासनेनंतर सभागृहाच्या मागच्या खोलीत चहा असतो. मी कप घेऊन अशा ठिकाणी उभी राहिले की येणाऱ्यांना माझ्यापर्यंत सहज पोचता यावं. कुणी आलं नाही. बायका बेकरीवालीभोवती जमल्या होत्या. लाँड्रीवाल्याची बायको, जिच्या नवऱ्याच्या सोज्वळपणाचे आम्ही दाखले द्यायचो, तिचा हात धरून हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि डोळे पुसत होती. तिच्यामागे आणखी तिघी थांबल्या होत्या. एवढ्यात बेकरीवालीला मी दिसले.

“मावशींनीच धीर दिला मला,” ती सगळ्यांना सांगू लागली. “खरं ते बोल म्हणाल्या.”

सगळ्याजणी वळल्या आणि माझ्याकडे मायेने बघायला लागल्या. त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी चहात बघत राहिले.

तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ आली. माझ्याहून थोडी मोठी, कधीतरी मागच्या रांगेत बघितलेली. निदान एक तरी आली, म्हणून मला बरं वाटलं.

“तीन वर्षं विचारायचं होतं,” ती म्हणाली. “धीर होत नव्हता. आज ती पोरगी बोलली, म्हणून म्हटलं विचारावं. यांचाही उजवा हात गेलाय, तुमच्यासारखाच.” तिने भिंतीकडे मान केली. तिथे खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. “दवाखान्यात व्यायाम चालू होते. मग आम्ही तुमची साक्ष ऐकली आणि व्यायाम बंद केले. म्हटलं, चालू ठेवले तर विश्वास कमी पडल्यासारखं होईल. रोज प्रार्थना करतो, एक दिवस चुकवला नाही. तरी हात येत नाही. आमचं काय चुकतंय, तेवढं सांगा.”

ती तक्रार करत नव्हती. एका बाईने दुसरीला मापं विचारावीत, तसं विचारत होती. मला अजूनही लाज वाटते, पण त्या क्षणीही माझा एक डोळा पलीकडच्या घोळक्यावर होता. तिथे आता सहाजणी झाल्या होत्या.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “मला सात महिने लागले. रोज दवाखान्यात जात होते. व्यायाम करून घेणारी मुलगी होती एक.”

“पण तुम्ही हे कधी बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, आता सुरू केले तर येईल का? तीन वर्षांनी हात येतो की नाही, हे मला काय माहीत. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणाले. तिने माझे आभार मानले, खरोखर मानले, आणि नवऱ्याकडे गेली.

त्याच्या पुढ्यात ती जमिनीवर बसली. त्याची मिटलेली मूठ मांडीवरून उचलून एकेक बोट उघडायला लागली. करंगळी उघडली, तिच्या शेजारचं बोट अर्धं उघडलं. पुढचं बोट उघडताना त्याला दुखलं असावं, कारण त्याने तोंड वाकडं केलं. ती लगेच थांबली. त्याने मान हलवून तिला पुढे कर म्हणून खूण केली, आणि ती पुन्हा करंगळीपासून सुरू झाली.