मबरूकाने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं

साहेब, गार खोलीत बसून मला आखताना तुम्ही ठरवून टाकलंत की दुखलं की माणूस रडतं. वाळवंटात तंबूत राहणाऱ्या एकाही बदू बाईला विचारलं नाहीत. तुमच्या या आळसाचं ओझं मी वाहिलं.

मित्रांनो, मी दुखणं मोजायचा एक जुना तक्ता आहे. इजिप्तमधल्या मर्सा मत्रूहजवळच्या एका छोट्या इस्पितळात खिळ्याला लटकतो. माझ्यावर सहा चेहरे आहेत. पहिला हसरा, शून्याचा. शेवटचा ढसाढसा रडणारा, दहाचा. पेशंटने बोट ठेवायचं, नर्सने आकडा लिहायचा. नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक! मीही फुगलो होतो.

एका दुपारी मबरूका आली. मेंढपाळाची बायको. पोटात दुखतंय, एवढंच सासूने सांगितलं. इब्तिहाल नर्सने मला पुढे धरलं. मबरूकाने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. इब्तिहालने शून्य लिहिलं.

"बदू बायका त्या! उंटाचं कातडं असतं," थोरली नर्स राविया हसली. "शेजारच्या खाटेवरची बघ आधी, वॉर्ड डोक्यावर घेतलाय तिने."

शेजारणीला इंजेक्शन मिळालं. मबरूका पडून राहिली. तिच्या पापणीवर माशी बसली, तरी हात उठला नाही. दारात पोचलेली इब्तिहाल मागे फिरली.

"हाज्जा, ही माशीसुद्धा का हाकलत नाही?" तिने सासूला आदराने विचारलं.

"हलली की कळ येते ना तिला," सासू म्हणाली.

"मग हसऱ्यावर बोट का ठेवलं?"

"अगं पोरी, परक्यांना रडकं तोंड दाखवायचं? आमच्यात बाळंत होतानासुद्धा कुणी हूं करत नाही!"

इब्तिहाल खाली वाकली. "मबरूका, आज शेळ्यांची धार काढशील?"

मबरूकाचे ओठ जेमतेम हलले. "आज नाही जमायचं."

सासूचा चेहरा उतरला. "बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी धारेला बसली होती ही!"

इब्तिहालने पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक. ती धावतच सुटली. अपेंडिक्स फुटलं होतं. तासभर उशीर झाला असता तर बाई हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मी थक्क झालो. माझ्या सहा तोंडांना जे सांगता आलं नाही, ते या पोरीने एका माशीवरून ओळखलं! तिने ते शून्य खोडलं नाही. शेजारी लिहिलं, 'चूक माझी.' मग माझ्या पाठीवर पेनने एक प्रश्न लिहिला, 'रोजचं कोणतं काम आज होत नाही?'

"आता शेळ्यांचाही रिपोर्ट लिहायचा का?" राविया फिसकन हसली. आज तीच मला आधी उलटा करून तो प्रश्न विचारते.

मित्रांनो, गप्प माणसाकडे दोनदा बघत जा.

आणि साहेब, मबरूकाच्या आधी किती जणींनी माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि 'काही नाही झालेलं, घरी जा' ऐकून तंबूत परतल्या? त्यातल्या किती जगल्या? बोला!