मुठीमागचा खटका

व्हर्लिन स्टोक्सच्या पिस्तुलाला मी जेवढी नावं ठेवली असतील तेवढी माझ्या दोन्ही मेव्हण्यांनाही ठेवली नाहीत, आणि ते दोघं चांगले त्या लायकीचे होते.

पिस्तूल तसं साधंच. काळं, जाडजूड, बाहेर घोडा नाही. चाप ओढला की आतल्या आत कमान सुटते आणि गोळी जाते. अमेरिकेतल्या मिसुरीत आमच्या नेमबाजी क्लबात निम्म्या लोकांकडे असली पिस्तुलं आहेत, माझ्याकडेही आहे. पण व्हर्लिनच्या पिस्तुलाला मुठीच्या मागच्या अंगाला एक जादा खटका. अंगठ्याच्या बेचकीने तो पुरता दाबला नाही तर चाप हलत नाही. एवढ्यावर भागत नाही, नळीवरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइडसुद्धा मागे ओढता येत नाही. नीट धरलं तर पिस्तूल, नाहीतर लोखंडाचा ठोकळा.

"एक जादा वस्तू म्हणजे एक जादा बिघाड," मी म्हणायचो.

"ते बिघडत नाही, ते विचारतं," व्हर्लिन म्हणायचा. "मालक, नीट धरलंय का? मग पुढचं बोलू."

"माझं पिस्तूल माझी उलटतपासणी घेत नाही."

"तुझं पिस्तूल तुझ्यासारखंच आहे लेका. आधी सुटतं, मग विचार करतं."

दर शनिवारी नेमबाजी झाली की शेडमधल्या लांब टेबलावर हा तमाशा व्हायचा. क्लबाचं मैदान ट्वायला सांभाळते. ती मांस-राजम्याची तिखट उसळ आणि मक्याचा पाव वाढता वाढता म्हणायची, "तुमचं दोघांचं लग्न लावून द्यायला हवं होतं. भांडणाची परवानगी तरी रीतसर मिळाली असती." कुणी नवीन माणूस पिस्तूल घ्यायचं म्हणून सल्ला विचारायला आला, की आम्ही दोघं त्याला मधे बसवून दोन्ही कानांत ओरडायचो. बहुतेकजण शेवटी काहीच न घेता घरी जायचे.

मग व्हर्लिनचा हात थरथरायला लागला. आधी ट्वायला त्याचा कॉफीचा कप अर्धाच भरायला लागली. मग तो बटणांचे शर्ट सोडून चेनवाली जाकिटं घालायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढतच जाणार हेही सांगितलं.

त्याची मुलगी केंड्रा शाळेची बस चालवते. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज कायमचा बसलाय, पण बापाशी बोलताना तो आणखी खाली जातो. एका रविवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "डॅडी, आता पिस्तूल पुरे. मला झोप लागत नाही."

व्हर्लिनने वाद घातला नाही. त्याने हातातला रुमाल घडी करून ठेवला. घडी नीट जमली नाही.

"पोरी, मला शनिवार सोडून दुसरं काय आहे? तुझी आई गेल्यापासून बाकीचे सगळे वार मी नुसते ढकलतो. पण आपण एक ठरवू. ते पिस्तूल हात नीट असल्याशिवाय चालतच नाही. ज्या दिवशी माझ्या मुठीने तो खटका दाबला जाणार नाही, त्या दिवशी मी ते कायमचं खाली ठेवीन. तू सांगायला नको, डॉक्टरने सांगायला नको. ते सांगेल."

केंड्राने माझ्याकडे बघितलं. "गार्लंडकाका, तुम्ही साक्षीला. आणि खोटं बोलायचं नाही."

"मी कधी खोटं बोललोय?"

"मासे धरून आल्यावर दर वेळी."

तेव्हापासून मी त्या खटक्याचा जास्तच राग करायला लागलो. पूर्वीचा राग मजेचा होता, हा खरा होता. व्हर्लिन मुठीत ताकद राहावी म्हणून गाडीत बसल्या बसल्या टेनिसचा चेंडू दाबत राहायचा आणि मी रस्त्याकडे बघत राहायचो. एकदा न राहवून मी म्हणालो, "तो खटका दाबून कायमचा बांधून टाकू. माझ्या ओळखीचा माणूस आहे. केंड्राला कळणारही नाही."

चेंडू थांबला. "गार्लंड, तू माझा मित्र आहेस म्हणून हे मी ऐकलंच नाही असं समजतो. तो खटका बांधला, तर मला विचारणार कोण?"

मी रेडिओ लावला. मला गप्प बसवणं किती अवघड आहे ते माझ्या बायकोला विचारा.

मोसमातली शेवटची स्पर्धा ऑक्टोबरात होती. ओक लाल झाले होते आणि सकाळी हवेत चांगलाच गारठा होता. थंडीत व्हर्लिनचा हात जास्त आखडायचा. केंड्रा त्याच्यासाठी गरम कॉफी घेऊन आली होती आणि कुंपणापाशी उभी होती. मातीच्या बांधापुढे लोखंडी थाळ्यांची ओळ. एकेक थाळी पाडायची, एवढाच खेळ.

गोळ्या माझ्याच होत्या. मी त्या माझ्या गॅरेजात स्वतः भरतो, आम्हा दोघांच्या. माझ्या गोळीने आजवर कुणाला दगा दिलेला नाही, हे क्लबातल्या कुणालाही विचारा. मी सांगितल्यामुळे सगळ्यांना ते पाठ आहे.

ट्वायलाने विचारलं, "तयार?" व्हर्लिनने मान हलवली. भोंगा वाजला. पहिली थाळी पडली. दुसरीला वेळ लागला, पण पडली. तिसरीही पडली, आणि मी इतक्या जोरात हुर्रे केलं की ट्वायलाने डोळे वटारले.

मग काहीच झालं नाही.

व्हर्लिनने चाप ओढला, चाप हलला नाही. त्याने मूठ सावरली, पुन्हा ओढला. मग डाव्या हाताने स्लाइड मागे खेचायला गेला. तीही जागची हलेना. असल्या वेळी भलेभले गोंधळून पिस्तुलासकट मागे वळतात. व्हर्लिन वळला नाही. त्याने बोट चापावरून काढलं, नळी बांधाकडेच ठेवली आणि तसाच उभा राहिला. त्याचे खांदे मात्र उतरले.

"गोळी!" मी ओरडलो. "गोळी खराब आहे! बारूद कमी पडली असेल. माझी चूक, सगळी माझी चूक!"

सगळा क्लब माझ्याकडे बघायला लागला. ज्याने आयुष्यात एकदा पिस्तूल हातात घेतलंय त्याला कळतं की खराब गोळीने चाप अडत नाही. आणि गार्लंड प्रुइट स्वतःच्या गोळीला खराब म्हणतोय, हे तर कुणी स्वप्नातही ऐकलं नव्हतं.

"गार्लंड," व्हर्लिन मागे न बघता म्हणाला, "चाप हललाच नाही. तुझी गोळी बिचारी काय करणार?"

"मग पिस्तूल बिघडलं. मी म्हणतच होतो!"

"पिस्तूल ठणठणीत आहे. त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही."

ट्वायला नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकत नाही, पण ती हळूच म्हणाली, "गार्लंड, पुढे ये. दोघं मिळून रिकामं करा."

मी त्याच्यामागे उभा राहिलो. त्याने मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून दिलं. मी माझा उजवा हात त्याच्या हाताभोवती धरला आणि दाबला. त्याच्या हातात एक बारीक थरथर होती, ती माझ्या कोपरापर्यंत आली. इतकी वर्षं ओळखतो मी या माणसाला, पण त्याचा हात असा हातात कधी धरला नव्हता. खटका आत गेला. डाव्या हाताने मी स्लाइड मागे ओढली, उरलेली गोळी उडून गवतात पडली. स्लाइड उघडीच अडकवून ठेवली.

"रिकामं," व्हर्लिन म्हणाला. आवाज थरथरत नव्हता.

"रिकामं," ट्वायलाने आत बघून सांगितलं.

मग त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं. "घे."

"मला कशाला? केंड्राला दे."

"केंड्रा ते फडताळात टाकेल. तू निदान शिव्या तरी देशील त्याला."

कुंपणापाशी केंड्रा रडत होती. मीही रडलो, आणि वाऱ्याने डोळ्यांत माती गेली वगैरे काही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी व्हर्लिन आला नाही. मी थेट त्याच्या घरी गेलो आणि शेजारचं कुत्रं भुंकून दमेपर्यंत हॉर्न वाजवला. मग आत गेलो. तो बंद टीव्हीसमोर चपला घालून बसला होता.

"ऊठ. चल."

"पिस्तूल नाही, काही नाही. मी तिथं येऊन काय करू?"

"नावं ठेव. मी इतकी वर्षं दुसरं काय केलं?"

त्याने पायानेच चपला बाजूला सारल्या. मग म्हणाला, "माझी टोपी कुठंय?"

क्लबात ट्वायलाने त्याला घडीची खुर्ची दिली, पांघरूण दिलं, अर्धा कप कॉफी दिली. मी नेमबाजीच्या रेषेवर गेलो, त्याचं पिस्तूल भरलं, उचललं आणि माझ्या नेहमीच्या ढिल्या सवयीने चाप ओढला. हलेना. आता हसतील म्हणून मी कान टवकारले. पण कुणी हसलं नाही. सगळे मागे व्हर्लिनच्या खुर्चीकडे बघत असणार.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी म्हणतो, असल्या खटक्याची गरजच काय?" व्हर्लिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एक जादा वस्तू म्हणजे एक जादा बिघाड!"

मी मागे वळलो नाही, वळायचं नसतं. हात वर सरकवून मूठ पुरती भरली.

"बिघडलं नाहीये ते," मी ओरडलो. "ते विचारतंय!"

"मग दे की उत्तर. थांबलायस कशाला?"

खटका आत गेला. पहिली थाळी चुकली, दुसरी पडली. त्यावर व्हर्लिन शेजारच्या माणसाला समजावून सांगायला लागला, की नेम गार्लंडचा चांगला आहे, सगळा दोष पिस्तुलाचा आहे.