मनात नसताना

थोरली कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून गुलाबी मेणावर एकेक दात बसवायची. चर्चच्या मंडळीतले म्हातारे गमतीनं म्हणत, "बाई, आमचं हसू तुझ्या हातात." ती स्वतः मात्र वडील गेल्यापासून फारशी हसली नव्हती.

वडील वारले ते धाकट्या बहिणीच्या घरी. शेवटी शेवटी ते सारखी थोरलीची आठवण काढत होते, पण धाकटीनं तिला कळवलंच नाही. "तू येऊन रडारड केली असतीस, त्यांना त्रास झाला असता," एवढंच तिचं म्हणणं. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

मग धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवरा जहाजावर, डोळ्यात थेंब घालायला घरात कुणी नाही. तिनं फोन केला.

"ताई, येशील का? आणि जमलं तर मला माफ कर."

"बघते," म्हणून थोरलीनं फोन ठेवला. तिला ना कीव आली, ना आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मंडळीचे पाळक नव्या कवळीसाठी दवाखान्यात आले. डॉक्टर यायला वेळ होता, म्हणून तिच्या खोलीत टेकले. तिनं हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं आणि विचारलं, "मनात राग असताना तोंडानं माफ केलं म्हणायचं, हे ढोंग नाही का?"

"नसलेली माया दाखवलीस तर ढोंग. ती दाखवू नकोस. पण क्षमा कर असं पवित्र शास्त्रात लिहिलंय. वाटेल तेव्हा कर, असं नाही लिहिलेलं."

"आणि मनाचं काय करू?"

"माझंही मन रोज कूस बदलतं गं. कित्येक रविवारी उपदेशाला उभा राहतो आणि आत सगळं कोरडं ठणठणीत. तरी लिहिलंय तेच वाचतो. मनावर सोडलं असतं तर मंडळीला केव्हाच टाळं लागलं असतं." मग म्हणाले, "मलाही सगळं कळलंय असं समजू नकोस."

हे ऐकून तिचा गोंधळ वाढलाच. तरी संध्याकाळी ती गेली.

धाकटीनं मान मागे टाकली. भुवया थेट बाबांच्या. थोरलीचा जीव विरघळला. थेंब घालताना तिला वाटलं, झालं, सुटले मी यातून. रस्ताभर ती गुणगुणत घरी आली.

दुसऱ्या दिवशी धाकटी सहज बोलून गेली, "बाबा याच खिडकीशी बसून तुझी वाट बघायचे."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाटली ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. कालचं खरं की आजचं? प्रार्थना करायला गेली तर शब्द सुचेना. देवानं आपल्याला क्षमा केलीय, म्हणून आपणही करावी, एवढं वाचलेलं तेवढं आठवत होतं. देव जवळ आहे असं तिला कधी वाटे, कधी अजिबात वाटत नसे. देवानं तिला केलेली क्षमा त्या वाटण्यावर टांगलेली असती तर? पुढचा विचार करायचं तिला धाडस झालं नाही. नळ बंद करून ती बाहेर आली.

"आज मला तुझा राग आलाय. खूप."

"मग जातेस?"

"नाही. मान वर कर."

पहिला थेंब गालावर ओघळला, दुसरा डोळ्यात पडला.

"ताई, माफ केलंस का मग मला?"

"केलंय. वाटत नाहीये अजून."

"म्हणजे काय?"

"मलाही नीट सांगता येत नाही."

डोळा बरा झाला. थोरलीला आता यायची गरज उरली नव्हती, तशी धाकटी म्हणाली, "तुझ्या रडारडीचं तेव्हा खोटं बोलले मी. तू आलीस की बाबा माझ्याकडे बघणारच नाहीत, अशी भीती वाटली होती."

थोरलीला कणव आली आणि तिच्या पाठोपाठ संतापही. तिनं दोघींचा चहा टाकला. घरी येऊन तिनं शास्त्र उघडलं, क्षमेचा तोच भाग पुन्हा वाचला. वाचून बरं वाटलं, असं नाही.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून तिनं हाताला लागलेलं कवळीच्या साच्याचं प्लास्टर धुतलं आणि कुणी बोलावलं नसताना धाकटीच्या घराकडे निघाली.