फिन्टन आला की घर तापतं

यामिनीच्या नोकरीत एक वाक्य होतं, ज्याने तिचं डोकं हमखास फिरायचं. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, पुराव्यानिशी कळवायची, आणि पलीकडून डेव्हलपर उत्तर द्यायचा, 'माझ्याकडे तर नीट चालतंय.' संपलं! म्हणजे खोटी कोण, तर तू. आता तेच वाक्य घरमालक ऐकवत होता, आणि तेही तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच केलेला चहा पीत.

"रेडिएटर चांगले कढत आहेत की," फिन्टन म्हणाला. "हात लावून बघा."

तिने भिंतीलगतच्या, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या त्या लोखंडी रेडिएटरला हात लावला. चटका बसला. रागाने आणखीच बसला.

"आत्ता आहेत. तुम्ही गेलात की निवतील. तापतात न तापतात तोच गार पडतात."

"थोडी हवा अडकली होती, ती काढली." त्याने हवा काढायची इवलीशी पितळी किल्ली खिशात टाकली.

"मागच्या वेळीही तुम्ही हवाच काढली होती."

"जुनं घर आहे. जुन्या घराच्या खोडी असतात." तो समजूतदारपणे हसला. त्या समजूतदारपणानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही पडलात उष्ण देशातल्या. सवय व्हायला वेळ लागतो. वडिलांनी एखादा जाड स्वेटर घातला ना, की सगळं ग्रँड!"

"वडिलांनी दोन घातलेत."

"अरे हो, दिसले नाहीत कुठे?"

"बाथरूममध्ये आहेत," यामिनी म्हणाली. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

बाबा वर बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर बसले होते, आणि समोर कोरड्या टबात तेलाचा दिवा तेवत होता. गेल्या पौषात यामिनीची आई वृंदा गेली. वर्ष होईपर्यंत वृंदाच्या फोटोपुढचा दिवा विझू द्यायचा नाही, असं बाबांनी मनाशी ठरवलं होतं. दिवाळीनंतर नागपूरहून इकडे परदेशात, लेकीकडे लिक्सलिपला आले ते फोटो आणि वातींचा डबा हातातल्या पिशवीत घेऊनच. विमानातले तास देवाने माफ केले असतील, म्हणाले, आणि पोचल्या पोचल्या पहिलं काम दिवा लावण्याचं केलं. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. मोबाइलवर ईशान्य दिशा शोधली, तर ती निघाली दारातल्या पॅसेजच्या कोपऱ्यात. तिथल्या छोट्या टेबलावर आई बसली.

अडचण एवढीच, की भाडेकरारात स्पष्ट लिहिलं होतं: घरात उघडी ज्योत चालणार नाही. त्यामुळे फिन्टन येणार म्हटलं, की घरात एक मिरवणूक निघायची. पुढे बाबा दिव्याला हाताचा आडोसा करून जिना चढतायत, मागे फोटो घेऊन यामिनी. मग खाली येऊन ती टेबल पुसायची, त्यावर एक कुंडी ठेवायची आणि चेहऱ्यावर निरागस भाव आणायची.

फिन्टन गेला. मिरवणूक खाली आली. दिवा जागेवर, फोटो जागेवर. आणि संध्याकाळपर्यंत रेडिएटर माठासारखे गार!

"बघितलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "बघितलंस ना? आता येऊन बघ म्हणावं त्याला!"

सारंग कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून नुकताच आला होता आणि अंगातलं जॅकेट काढायची त्याची हिंमत होत नव्हती. "आमच्या क्लीनरूममध्ये तापमान एवढंसं हललं तरी धावपळ होते," तो म्हणाला.

"मग बाबांना घेऊन तिकडेच राहायला जाऊ या. भाडं तरी वाचेल."

"थर्मोस्टॅट थोडा वाढवून पाहू या का?"

"कसा वाढवणार? तुझ्या त्या सज्जन मालकाने डायलवर चिकटपट्टी लावून ठेवलीय! बॉयलर जुना आहे, वीसच्या पुढे नेऊ नका म्हणे. बॉयलर म्हातारा झाला त्याची काळजी आहे. माझा बाप म्हातारा झाला, त्याला स्वेटर घाला!"

सारंगने आवाज खाली आणला. "यामिनी, बाबांनी मला आज तिकीट अलीकडचं करता येतं का विचारलं."

ती तडक बैठकीकडे निघाली.

नागपूरच्या फ्लॅटला कुलूप होतं. आईच्या वर्षश्राद्धाला बाबा त्या घरात एकटे बसणार, भांडी शेजारची कुणीतरी घासून देणार, आणि फोनवर म्हणणार, 'सगळं झालं नं व्यवस्थित.' हे होऊ नये म्हणून तर तिने त्यांना हट्टाने आणलं होतं. आणि आता ते चालले होते, कशापायी? तर एका लोखंडी रेडिएटरपायी!

बैठकीत बाबा माकडटोपी घालून, मांडीवर रजई घेऊन बसले होते. शेजारी भिंतीत बांधलेली जुनी दगडी शेकोटी होती. ते राहायला आल्यापासून तिच्यात कोणी लाकूड घातलं नव्हतं. सारंगने तिच्यात बूट ठेवले होते.

"तिकिटाचं काय ऐकतेय मी?"

"थंडीसाठी नाही गं," बाबा घाईने म्हणाले. "घर बंद आहे नं. नळबिळ पाहावं लागते." आणि खोकले.

"बाबा, खोटं बोलताना तुम्ही खोकता."

"खोटं नाही बोलत, खोकलाच आहे तो." मग ते हसले. "एक गोष्ट मात्र आहे बापा. त्या फिन्टनचा पायगुण मोठा चांगला. तो आला का घर तापते, गेला का थंडं पडते. त्यालाच इथे ठेवून घे, मी जातो."

"पायगुण कसला! मेला येतो, चहा ढोसतो आणि..."

यामिनी थांबली. चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईच्या डोक्यात काहीतरी टोचलं. फिन्टन आला की तापतं. बरं, मग फिन्टन आला की या घरात काय वेगळं होतं? तो काही करण्याआधी? आज तो दारात उभा होता तेव्हाच पाइप टकटक करत होते. त्याने किल्ली खिशातून काढलीसुद्धा नव्हती.

"बाबा, उठा. दिवा वर न्या."

"आला का तो परत?"

"नाही. आला असं समजा."

"आणि आईला?"

"आईलाही."

कुरकुरत मिरवणूक निघाली. फोटो वर ठेवून यामिनी खाली पॅसेजमध्ये रिकाम्या टेबलाशी येऊन उभी राहिली. टेबलाच्या बरोबर वर भिंतीवर तो पांढरा डबा होता, घराची ऊब मोजून बॉयलर चालू-बंद करणारा, चिकटपट्टी लावलेला थर्मोस्टॅट. तिने त्यावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम होता तो.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

हळूहळू डबा निवत गेला. मग आत टक् झालं, आणि ओट्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, तो म्हातारा बॉयलर धडधडत जागा झाला.

यामिनीला हसू आलं नाही. तिला संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो दुप्पट झाला. फिन्टनवर काढावा, तर तो आला तेव्हा दिवा तिथे नव्हताच. तो तिनेच लपवला होता. बाबांवर तर काढणंच शक्य नव्हतं. त्यांना कळलं की त्यांच्याच दिव्यापायी सगळं घर काकडतंय, तर आज रात्रीच बॅग भरतील.

"डब्यात बिघाड होता," ती वर ऐकू जाईल असं ओरडली. "झाला ठीक!"

तिने मान वर केली तर बाबा जिन्याच्या मधल्या पायरीवर, आईचा फोटो छातीशी धरून उभे. नजर डब्यावर, मग टेबलावर, मग पुन्हा डब्यावर.

"म्हणजे डब्याला वाटत होतं, घर तापलं," ते सावकाश म्हणाले.

"बाबा..."

"आणि आम्ही रजया पांघरून बसलो." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "वृंदे, तुझी सवय गेली नाही नं? नेहमीसारखी सगळी ऊब एकटीनेच ओढून घेतली. चाळीस वर्षं रजईचं टोक नाही लागू दिलं मला!"

आणि मग ते इतके हसले, की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. शेवटी टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

सारंगने शेकोटीतले बूट मुकाट्याने बाहेर काढले. दगड पुसून यामिनीने तिथे आईला बसवलं, पुढे दिवा ठेवला. ईशान्य नव्हती, पण बाबांनी चालवून घेतलं. विस्तवासाठीच बांधलेली जागा आहे म्हणाले, दिवा तिथे शोभेल.

दोनच दिवसांनी फिन्टनचा फोन आला. "मग, कसं काय घर?"

"ग्रँड," यामिनी दात आवळून म्हणाली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? सवयीचा प्रश्न असतो."

तिच्या ओठावर आलेलं सगळं, अगदी शेलकं शेलकं, तिने दिव्याकडे बघून गिळलं. फोन जरा जोरातच ठेवला.

"कोणाचा होता?" बाबांनी विचारलं. स्वेटर दोन्ही काढून, बाह्या वर सारून ते वाती वळत बसले होते.

"तुमच्या पायगुणवाल्याचा! अख्खं श्रेय घेऊन गेला मेला, आणि मला एक शब्द बोलता येईना."

"जाऊ दे." बाबांनी वात बोटांत फिरवली. "मला सांग, पुरणाची डाळ मिळते नं इथे? पौषात लागेल. तुझ्या आईला पुरणावाचून चालत नव्हतं."

"मिळते," यामिनी अजूनही फणकाऱ्यातच म्हणाली. "सगळं मिळतं इथे."